चंचलच्या बंदुकीचे नवे पाय

प्रिय चंचल,

आजीचा जयभीम घे. तिकडं होस्टेलात फोन तू उचलत नाही, म्हणून लिवून राह्यली. रात्रशाळेत शिकलेली अक्षरं हायेत, वाकडी असली तरी पोचतीन. इकडं आपल्या बेला गावाले कापूस येचून राह्यलो आमी. ढवळ्या बकरीले दोन पिल्लं झाली, त्यातलं एक असं उडते का तुह्या बंदुकीचीच आठवण येते.

नेमबाजी शिकवणाऱ्या संघपाल सरानं बंदुकीले तो नवा स्टँड दिला तवा किती हासलो आपण! तुमी त्याले बायपॉड म्हणता, मी बगळ्याचे पाय म्हणलं. मिटले का पोटाशी, उघडले का उभे. त्याच्याआधी तू माह्या सरकीच्या उशीवर बंदूक टेकवत होती. उशी नरम, बंदूक तिच्यात बसून जाय, म्हणून तुह्या आंगाले तशीच सैल सवय. नवे पाय कडक. घोडा दाबला का बंदूक टुणकन उडे अन् छर्रा वर. तू अशी चिडली होती का भाकरीवरबी राग काढे. मी म्हणलं, जाऊ दे बाई, उशीच घे. तू म्हणली, आजी, मोठ्या मॅचमधी तुही उशी नाही चालत. मले जरा लागलं, खोटं काऊन सांगू. पण मंग शेजारच्या सखूबाईले सांगत फिरली मीच, का माही नात आता उशीवाली नाही राह्यली!

मंग आंगणात सतरंजीवर तू पालथी, अन् बाजूले मीबी पालथी. सरानं सांगतलेलं मले तोंडपाठ झालं. दोन्ही पाय एका उंचीचे, नाही तं बंदूक कलंडते. आंग बंदुकीच्या मांगं सरळ, तिरपं नाही. बंदूक आपल्याकडं ओढायची नाही, खांद्यानं थोडीशी पुढं रेटायची, म्हणजे पाय ताणून बसतेत. छर्रा सुटला का लगेच मुंडी उचलायची नाही. सखूबाई कुंपणावरून म्हणे, काऊन वं बयना, तुले पोलिसात भरती व्हायचं हाय का? अन् एका संध्याकाळी निशाण्याच्या कागदावर तुहे भोकं असे जवळ जवळ आले, कणसातल्या ज्वारीवानी. मी तो कागद गल्लीभर दाखवला. एवढा आनंद मले तुह्या बापाच्या लग्नातबी नव्हता झाला, त्याले सांगू नको.

आनंद पोटात मावला नाही, तिथंच चुकलं. आदिलाबादच्या मॅचले मी नवं लुगडं नेसून तुह्या मांगं बसली. एवढा चूप हॉल मी जन्मात पाह्यला नाही. मले तुहा खांदा सैल दिसला. सैल होता का नव्हता, कोण जाणे. मी उठली अन् ओरडली, "खांदा दे वं माय, रेट!" तू दचकली, छर्रा कागदाच्या बाहेर. सारे हासले. त्या एका छर्‍यापायी हैदराबादच्या टीममधून तुहं नाव गेलं. मॅचच्या साहेबानं मले बाहेर काढलं. बसमधी सारा रस्ता तोंड पदरात होतं. अजून सखूबाईच्या दारावरून जात नाही, मांगच्या बोळातून जाते. ज्या तोंडानं मिरवली तेच तोंड लपवून राह्यली.

काल संघपाल सर बजारात भेटले. म्हणे, चंचल तवापासून सरावाले आली नाही, स्टँड वापस करते म्हणते, मले हे जमत नाही म्हणते. सराले वाटते तुले स्टँडचाच घोर हाय. पण मले खरं कारण ठाऊक हाय, म्हणून बसली लिवाले. मले हॉलबाहेर काढतानी साहेबानं हिंदीत इच्यारलं, "ये बुढ्ढी किसके साथ है?" अन् तू मुंडी न उचलता म्हणली, "मालूम नहीं, सर." माय, ते मले आयकू आलं होतं. त्याच्याचपायी घरी येत नाही ना तू? आवं, तवा मले कोणी इच्यारलं असतं तं मीबी म्हणली असती, मी या म्हातारीले वळखत नाही. राग नाही मले. लाज दोघींचीबी हाय, तू एकटी घेऊन बसू नको. स्टँड वापस करू नको. आयतवारी घरी ये. पुढच्या मॅचले मी आत येणारच नाही, गेटापाशी बसीन. तिथं कोणी इच्यारलं, आजी, कोणासंग आल्या, तं तू सांगशीन तेच मी सांगीन.

तुहीच,
बयनाआजी