नमुना क्रमांक ११७ चे झाकण शिकंज्याविना उघडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रमाणन अधिकारी,
घरगुती उपकरणे चाचणी केंद्र,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय: फरशी धुण्याचे यंत्र, नमुना क्र. ११७, यास दिलेला 'देखभालीस सुलभ' हा शेरा रद्द करणे व अपघात नोंदवहीतील 'वापरकर्तीचा निष्काळजीपणा' ही नोंद खोडणे यांबाबत.

संदर्भ: माझे व पत्नीचे मिळून यापूर्वीचे चार अर्ज व त्यांवर आपल्या कार्यालयाची चार उत्तरे.

महोदय,

सविनय सादर की, मी या केंद्रात टेबल क्रमांक तीनवर गेली एकोणीस वर्षे परीक्षक आहे. झाडण्या-पुसण्याची घरगुती यंत्रे आपल्याकडे तपासणीला येतात. ती घर किती साफ करतात हे टेबल क्रमांक दोन पाहते. ती स्वतः किती सहज साफ करता येतात हे मी पाहतो. झाकण उघडणे, रोलर काढणे, धुणे, परत बसवणे, या सगळ्याला लागलेला वेळ मी घड्याळ लावून लिहितो. पाच मिनिटांच्या आत झाले की 'देखभालीस सुलभ' हा शेरा मिळतो आणि कंपनी तो खोक्यावर छापते. नमुना क्र. ११७ ला मला चार मिनिटे दहा सेकंद लागले होते. प्रमाणपत्रावर सही माझी आहे. हे मीच आधी सांगतो, म्हणजे पुढे कोणी शोधून काढल्याचा आव आणायला नको.

१. हेच यंत्र मी घरी विकत आणले. पत्नी शिवणकाम करते. दिवसभर मशीनवर बसून तिचे गुडघे गेले आहेत, वाकून फरशी पुसणे होत नव्हते. मी तिला म्हणालो, "डोळे झाकून वापर, माझ्या हाताखालून गेलंय." आठ महिने ते बरे चालले. मग रोलरभोवती केस गुंडाळले गेले आणि ते पाणी ओढेनासे झाले. गेल्या १९ सप्टेंबरला सकाळी साडेअकराच्या सुमारास पत्नीने यंत्र न्हाणीघरात नेले, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे बटण बंद केले आणि यंत्र उलटे करून झाकण उघडायला बसली. त्या झाकणाला दोन टोकांना दोन खटके आहेत. दोन्ही एकाच वेळी दाबून धरायचे आणि त्याच वेळी झाकण वर ओढायचे. तिचे दोन हात दोन खटक्यांना गेले. यंत्र धरायला काही उरले नाही, म्हणून तिने त्याचा दांडा गुडघ्यांत आवळला. चालू करायचे बटण दांड्यावरच आहे. बॅटरी आत बंदिस्त असून घरी काढता येत नाही. झाकण निघाले, केस काढायला तिने बोटे आत घातली, गुडघा हलला आणि रोलर फिरला. उजव्या हाताची दोन बोटे रोलर फिरवणाऱ्या पट्ट्यात सापडली. दोन्हींची वरची पेरे दवाखान्यात काढावी लागली.

२. कंपनीने चौकशी केली आणि एका वाक्यात संपवली: 'सदर यंत्र अधिकृत परीक्षकाने चार मिनिटे दहा सेकंदांत विनाअपघात उघडले असल्याने दोष वापरकर्तीचा आहे.' आपल्या कार्यालयाने ते वाक्य नोंदवहीत जसेच्या तसे उतरवले आणि पुढे 'निष्काळजीपणा' असा शब्द घातला. म्हणजे माझ्या सहीने माझ्याच बायकोला बेपर्वा ठरवले. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की तिने ते मान्य केले. म्हणते, "अहो, तुम्हाला चार मिनिटांत जमतं ना? मग मीच धांदरट." जिने केलेल्या काजाची सुलट बाजू कोणती हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही, ती बाई स्वतःला धांदरट म्हणते. शिवणाची मशीन तिने चादर टाकून झाकून ठेवली आहे. जेवताना उजवा हात मांडीवरून वर येत नाही. रोलरमध्ये अडकलेले केस आमच्या मुलीचे होते. तिला कोणी एका शब्दाने बोलले नव्हते, तरी एका दुपारी तिने आईच्या कात्रीने आपली वेणी मुळापासून कापली. ती आता कुणालाच केसांना हात लावू देत नाही.

३. यावर मी काय काय केले ते आपल्या कपाटात आहेच, तरी एका जागी मांडतो. पहिल्या अर्जाला उत्तर आले की कर्मचाऱ्यास स्वतःच्या चाचणीविरुद्ध तक्रार करता येत नाही, तक्रार वापरकर्त्याची हवी. म्हणून दुसरा अर्ज पत्नीने केला. तो परत आला, कारण तिची सही यंत्र घेताना तिने हमीपत्रावर केलेल्या सहीशी जुळत नव्हती. 'मूळ स्वाक्षरीप्रमाणे स्वाक्षरी करून फेरसादर करावा' असा शेरा होता. मूळ स्वाक्षरी मूळ बोटांनी केलेली होती, एवढेच याबाबत नम्रपणे नमूद करतो. तिसऱ्या अर्जात मी तक्रार न करता फक्त फेरचाचणी मागितली आणि ती आपण मंजूर केलीत. मला बरे वाटले. पण नियमाप्रमाणे फेरचाचणी त्याच टेबलावर, त्याच परीक्षकाने करायची असते. मी मनाशी ठरवून हळू करायला बसलो होतो. हातांनी ऐकले नाही. तीन मिनिटे पंचेचाळीस सेकंद. त्याच आठवड्यात शेरा 'सुलभ'वरून 'अतिसुलभ' झाला आणि कंपनीने मला आभाराचे पत्र पाठवले. ते मी घरी दाखवले नाही.

४. ते पत्र आले त्या संध्याकाळी मी आमचे घरचे यंत्र घेऊन न्हाणीघरात बसलो. दांडा गुडघ्यांत न आवळता वीस मिनिटे झटलो. उघडेना. घाम फुटला, तोंडातून नको ते शब्द गेले, पत्नी दाराशी येऊन पाहून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेबल क्रमांक तीनवर शिकंजा आहे. लोखंडी जबड्यात यंत्र आवळले की माझे दोन्ही हात मोकळे. एकोणीस वर्षे तो शिकंजा माझा तिसरा हात होता आणि मला त्याची जाणीवही नव्हती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कंपनीच्या रचना विभागात गेलो. तिथला अभियंता भला माणूस आहे, चहा दिला. त्याच्याही टेबलावर तसाच शिकंजा! आमच्या चाचणीत नमुना अडू नये म्हणून त्यांनी मुद्दाम आमच्यासारखाच मागवून घेतला आहे. म्हणाला, "साहेब, इथे तर पटकन उघडतं की." म्हणजे ते यंत्र बनवतात आमच्या टेबलासाठी, आणि आम्ही पास करतो त्यांच्या टेबलासारख्या टेबलावर. मी त्याला माझी रेखाटने दिली. एकच खटका, अंगठ्याने सरकणारा. झाकण हलताच आतली वीज तुटावी. बॅटरी बाहेरून निघावी. रोलर बाजूने उपसून काढता यावा, उशीचा अभ्रा काढतो तसा. मग लोक तो आठवड्याला धुतील, केस साचणार नाहीत, यंत्रही कमी विजेत जास्त ओढेल. त्याने कागद बराच वेळ पाहिले. "चांगलं आहे हो. पण जुन्यालाच अतिसुलभ मिळालंय. मी वर काय सांगू, कशासाठी बदलायचं?" ते 'अतिसुलभ' मीच लिहिले होते.

५. म्हणून चौथा अर्ज केला, की शिकंजा काढून चाचणी घेण्याची परवानगी मिळावी. आपले उत्तर असे: 'शिकंज्याविना सदर यंत्र उघडणे परीक्षकाच्या बोटांस धोकादायक असल्याने परवानगी देता येत नाही.' खाली आपली सही आहे. महोदय, माझ्या बोटांची कार्यालयाला काळजी वाटते याबद्दल मी आभारी आहे. पण जो धोका टेबलावर धोका असतो, तोच न्हाणीघरात निष्काळजीपणा कसा होतो, हे मला कळलेले नाही. आता मला राग आला आहे. अर्जात राग लिहिणे नियमात बसत नसेल तर मी त्याबद्दल जो दंड असेल तो भोगीन.

६. येत्या सोमवारी नमुना क्र. ११७ च्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची चाचणी माझ्या टेबलावर लागली आहे. ती मी करणार नाही. माझ्याऐवजी ती माझ्या पत्नीने करावी, जमिनीवर बसून, शिकंज्याविना, घरात करतात तशी. यंत्रातली बॅटरी मी आपल्यासमोर आधीच कापून काढीन, त्यामुळे कोणाच्याही बोटांचा प्रश्न राहणार नाही. घड्याळ आपण स्वतः धरावे.

तिला तयार करायला मला तीन आठवडे लागले. त्या यंत्राचे नाव काढले की ती उठून दुसऱ्या खोलीत जात असे. काल ती हो म्हणाली, पण तिने एक गोष्ट विचारली आहे: "झाकण नाहीच उघडलं, तर नापास कोण होणार? मी की मशीन?" मी ताबडतोब सांगितले, मशीन. तर म्हणाली, "तुमचं नको. ज्यांनी वहीत लिहिलंय, त्यांच्याकडून लिहून आणा."

तेवढे सोमवारच्या आत लिहून मिळावे.

लेखी उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
परीक्षक, टेबल क्रमांक तीन

दिनांक: १२ मार्च

सोबत:
१. आपल्या कार्यालयाची चार उत्तरे (चौथ्यातील वाक्य अधोरेखित केले आहे).
२. सुधारित झाकण, खटका व रोलर यांची रेखाटने, तीन पाने.
३. पत्नीचे संमतीपत्र. सहीची जागा कोरी ठेवली आहे. आपले उत्तर आल्यावर ती करील.