लवकरच एकटे

३ जून

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत. तुझे काका पित्ताने तेवढे बेजार असतात. एक गंमत सांगते. आठवडाभर माझ्या फोनवर एकाच माणसापुरत्या वस्तूंच्या जाहिराती येताहेत. छोटा कुकर, एकेरी पलंग, एका खुर्चीचं टेबल. काका म्हणाले, मला घराबाहेर काढायचा बेत दिसतोय! तू लहानपणापासून सगळं मोजत फिरणारी माझी मोजपट्टी, आणि त्याच धंद्यातली, तेव्हा खरं सांग, आमची भांडणं तुमच्यापर्यंत पोचवतं कोण?

तुझी मावशी

९ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

ऑफिसात आमचे फोन तपासतात, म्हणून पत्र. तुझं नाव आमच्या एका यादीत आहे. यादीचं नाव ‘लवकरच एकटे’. ती माणसं करत नाहीत, यंत्रणा करते. मार्चपासून काका जिना चढताना तीनदा थांबतात, हे त्यांच्या फोनवरून तिला कळतं. पित्ताच्या गोळ्या ते किती मागवतात, हेही. आजार तिला कळत नाही. अशा घरात पुढे काय खपतं, तेवढं कळतं. जिन्यावरची पावलं मोजायचा भाग मीच लिहिला होता, बूट विकण्यासाठी.

काकांना आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे ने. हसण्यावारी नेऊ नकोस.

तुझी भाची

१८ जून

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

पित्त नव्हतंच. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. परवा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. काका शुद्धीवर येताच म्हणाले, पोरीला कळव, गिऱ्हाईक हातचं गेलं. जाहिरातींना मी उगाच नावं ठेवत होते. तुझ्या साहेबांना माझे आभार सांग.

तुझी मावशी

२९ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काकांना जपा. साहेबांना आभार सांगितले नाहीत. मी त्यांना सुचवलं होतं, यादीतल्या घरांना डॉक्टरी तपासणीची जाहिरात दाखवू. ते म्हणाले, ती जागा कुकरवाल्यांनी घेतली आहे. कुकर चांगला आहे, मावशी. जाहिरातीत एक शब्द खोटा नाही.

यादीत चार हजार घरं आहेत. मी पत्ते उतरवून आणले. रोज दहा पत्रं हाताने लिहिते. आज पहिलं उत्तर आलं. माझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशी त्या बाईंचे यजमान गेले. बाकी काही नाही, एवढंच विचारलंय, तुम्हाला महिनोन्महिने माहीत होतं, तर आधी विकायला का आलात?

त्यांना काय लिहू, ते सांग. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी भाची