कडब्याच्या खोलीतलं विमान

९ फेब्रुवारी, रविवार
शुभेच्छुक!! कपाळावर हात मारला. बारामतीच्या फ्लेक्सवाल्याला मिग-२१च्या पॅनेलचं चित्र दिलं होतं — सगळी घड्याळं, दिवे, बटणं, अगदी मापात. पठ्ठ्यानं छापलं झकास. पण खाली स्वतःच्या मनानं 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार' टाकून मोकळा! वर मलाच विचारतो, "मॅडम, फोटो कुणाचा टाकायचा राहिला का?"

परत छापून घ्यायचा कंटाळा आला. आता माझं लढाऊ विमान समस्त मित्रपरिवाराच्या शुभेच्छांवर उडणार. अजित हसून हसून खाली बसला. नवरा आहे, हसायचा हक्क आहे त्याला. पण एवढा?

१२ फेब्रुवारी
सीट बसली! भंगारातल्या ट्रकची. कितीही घासली तरी डिझेलचा वास जात नाही — मला तो आवडायलाच लागलाय.

कॉलेजात सगळ्यांना वाटतं, फिजिक्सच्या मॅडम घरी गेम खेळतात. अहो, गेम तर मोबाईलवरही खेळता येतो! लढाई चालू असताना बटण शोधायला मान खाली घालावी लागली तर ते कसलं विमान? हात आपोआप गेला पाहिजे, मिसळणाच्या डब्यात मोहरीकडे जातो तसा. कॉम्प्युटरवरचं विमान खऱ्यासारखं बसून उडवायचं, तेवढ्यासाठी तर ही सगळी प्लायवूडची कापाकापी.

१५ फेब्रुवारी
अप्पांनी जेवताना बॉम्ब टाकला. "कडबा यायचाय. खोली मोकळी पायजे. पाडव्याला कडबा कापायचं कुट्टी मशीन बी आणतोय."

मी म्हटलं, "अप्पा, आणि विमान?"

"इमान हाय न्हवं ते? मग जाऊ दे की उडून!"

अजित ताटात बघत बसला. सासऱ्यांसमोर हसले, आणि मोरीत जाऊन रडले. दोन वर्षं एकेक बटण जमवलंय. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे, बाकी सगळं सूनबाईचं.

१८ फेब्रुवारी
रडून झालं. आता डोकं चालवू.

अप्पांचा गुडघा दुखतो, आणि मोटरचा स्टार्टर पार विहिरीवर. अजितनं मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवून दिला, तर त्याला हात लावत नाहीत. म्हणतात, "काचंवर बोट फिरवून कुठं मोटर चालू हुती व्हय?" मग लंगडत जातात.

माझ्या विमानाला चाकं खाली घ्यायचा दांडा आहे. जुन्या मळणी यंत्राचा. चांगला मुठीत मावणारा, खटाक वाजणारा...

हा हा हा!

२३ फेब्रुवारी, रविवार
जमलं!! दांडा अजितच्या त्या मोबाईलवाल्या स्टार्टरला जोडला. दांडा खाली केला की विहिरीवर मोटर चालू, वर केला की बंद. शेजारी एक खटका ठेवलाय. तो 'शेत'वर असला तरच मोटर. 'लढाई'वर असला की दांड्यानं फक्त विमानाची चाकं हलणार.

अप्पांना हाताला धरून आणलं, सीटवर बसवलं. ओढला दांडा. खटाक! हिरवा दिवा लागला आणि लांबून मोटरीची घरघर आली.

"आता कसं! ह्येला म्हनायचं बटान." परत वर, परत खाली, परत वर. अजित ओरडत आला, "अप्पा, मोटर जळंल!"

खोलीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. मीही नाही.

३ मार्च
अप्पा रोज येतात. मोटर चालू करतात आणि उठतच नाहीत.

"ह्यो लाल कशाचा?"

"बॉम्बचा."

"कुणावर टाकती?"

"कुट्टी मशीन कधी येतंय त्यावर आहे."

मिशीत हसले. पण पाडवा पाडवाच म्हणाले. चिवट म्हातारा!

९ मार्च, रविवार
घात झाला.

सकाळी मी उडून, नीट उतरून, इंदापूरला बाजाराला गेले. परत येते तर अंगणात मोहनराव. बांधापलीकडचे शेजारी, मी त्यांना तात्या म्हणते, अप्पांचे लंगोटीयार, सहा फुटांचा गडी आणि तसाच आवाज. "काढलेला कांदा रानात वाळत पडलावता माझा! भिजवला सगळा! मोटर कुनी चालू किली?"

पाईप बांधापाशी उघडाच पडला होता. पळत जाऊन खोलीत बघते तर दांडा खाली आणि खटका 'शेत'वर. मी 'लढाई'वर ठेवल्याचं मला आठवत होतं. पण आठवण म्हणजे काय पुरावा आहे?

अप्पा म्हणाले, "माझ्याकडं बगू नगं. मी आन् मोहनराव देवळात हुतो." मोहनरावांनी मान हलवली.

म्हणजे मीच. दुसरं कोण?

अप्पांनी कुलूप ठोकलं, किल्ली बंडीच्या खिशात. पाडव्यापर्यंत इमान बंद! मोटरीचं आता मी बघतो, म्हणाले.

१० मार्च
डबाभर बेसनाचे लाडू केले आणि मोहनरावांच्या पाया पडून माफी मागितली. लाजेनं मेल्यासारखं झालं. त्यांनी तिथंच दोन लाडू खाल्ले. "हुतं असं. पर जबाबदारी पायजे, सूनबाई." माझ्याकडे न बघता. किती दुखावले असतील बिचारे!

१६ मार्च
दोघं म्हातारे रोज दुपारी कडब्याच्या खोलीत. कुट्टी मशीनसाठी मापं घेतात म्हणे. एका मशीनला मापं तरी किती? मी कॉलेजातून आले की दाराचा आवाज येतो आणि दोघं कडब्याच्या भावावर बोलायला लागतात.

चांगलंय. माझं विमान मोडायची एवढी हौस!

२२ मार्च
अप्पा जेवताना — "जोत्स्ना, तांबडा दिवा लागतो आन् कायतरी कोकलतंय, ते कशापायी गं?"

"विमान पडायला आलं की. तुम्ही कुठं ऐकलं?"

भाकरी कुस्करत म्हणाले, "सपनात."

अस्सं! म्हाताऱ्यानं मला उपाशी ठेवून स्वतः पंगत मांडलीय. मी आणखी एक भाकरी वाढली. आपल्याला हवी ती माशी गुळाला आपोआप चिकटतेय, हाकलायची कशाला?

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. श्रीखंड हाणलं. अप्पांनी हाक मारून किल्ली हातावर ठेवली. "मशीन गोठ्यात बशिवतो. त्या खोलीला कोंदट वास हाय."

डिझेलचा, अप्पा! ट्रकच्या सीटचा! पाया पडले, खोटं कशाला, डोळेही भरले. राहिलं माझं विमान!

पळत जाऊन बसले, तर पायच पोचेनात. सीट पार मागं सरकवलेली. अप्पा तर माझ्यापेक्षाही बुटके. मग?

३१ मार्च
मोहनराव चहाला. "सूनबाई, तुज्या इमानाची चाकं खाली टाकली की नाक लई खाली जातंय बग. त्या रविवारी मी नाक सावरायच्या नादात, आन् तिकडं माझाच कांदा—"

अप्पांना ठसका लागला.

मी म्हटलं, "तात्या, माझे लाडू परत आणा."