तर्जनीची रिंग मधल्या बोटात

भाऊ,

माझी उजवी तर्जनी अजून खोटं बोलतेय. परवा तिला चहाच्या पातेल्याचा चटका बसला आणि मी मात्र मधल्या बोटावर फुंकर मारत बसले. आईला आधी हसू आलं, मग ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. दिवाळीच्या साफसफाईत खिडकीची फुटकी काच मनगटात घुसली, तेव्हापासून हे चाललंय. आतली नस तुटली. रक्ताची नव्हे, स्पर्शाची. डॉक्टरांनी ती शिवली, पण त्या नसेत म्हणे केसाहून बारीक तारांचा जुडगा असतो आणि एकेक तार जोडणं कुणालाच जमत नाही. वरचं वेष्टन शिवायचं आणि तारांनी आपापली वाट शोधत बोटाच्या टोकापर्यंत वाढत जायचं, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. मला कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत धीर निघत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. आता भातलावण्या सुरू झाल्या तरी मी वाटच बघतेय.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिनं सगळं समजावून सांगितलं. कातडीखाली दाब, थरथर, ऊन-गार ओळखणारी बारीक टोकं असतात. ती दाबली गेली की विजेचा इवलासा झटका निघतो, हातातून मणक्यात जातो, मणक्यातून मेंदूत. "पण ताई, मेंदूला बोट दिसत नाही. कुठली तार वाजली, एवढंच त्याला कळतं. तुमची मधल्या बोटाची तार वाट चुकून तर्जनीत शिरलीय," ती म्हणाली आणि मी ताडकन उठून बसले. हे मी आधी ऐकलं होतं, तुंगार्लीला, तुमच्या खड्ड्याच्या काठावर.

तुम्ही टेलिफोनच्या केबली जोडायचात, शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मी तेच सांगायचे. कुणीतरी चर खणताना केबल तोडली होती आणि मी शाळेतून तुमचा डबा घेऊन आले होते. वर ताडपत्री, खाली तुम्ही उकिडवे बसून रंगीत तारा जोडीजोडीनं पिळताय, कानाला हँडसेट लावून "टेस्टिंग, टेस्टिंग" करताय. मी वाकले तर खेकसलात, "हात लावू नगंस! एक जोडी हिकडची तिकडं झाली तर गावभर बोंब हुईल." बोंब झालीच, पण तुमच्याच हातानं. दुसऱ्या दिवशी एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंचे फोन शेजारच्या बंगल्यात वाजायला लागले, आणि आमचे फोन का उचलता, यावरून त्या दोन घरांत कुंपणावरचं बोलणंचालणं बंद! जेवताना हे सांगून तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. आता परत खणायचं का, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कशापायी? बुजवलेला खड्डा न्हाई उकरायचा. एक्स्चेंजमधी जाऊन दोन तारांची आलटापालट करायची. तितं ठरंल कुठली तार कुणाची."

मी कामशेतच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. तुम्ही गेल्यावर लागले तिथं, म्हणून सांगतेय. शीर डोळ्यांनी दिसते थोडी, खरी ती तर्जनीनं शोधायची असते. हे बोट ताळ्यावर आलं नाही तर मला काउंटरवर पावत्या फाडायला बसवणार. सोमवारपर्यंत काय ते कळवा, असं मालकांनी सांगितलंय. मला काउंटर नकोय भाऊ. मला भीती वाटते, मग भीतीचाच राग येतो आणि हा हात भिंतीवर आपटावासा वाटतो.

आई रोज परातभर इंद्रायणी तांदळात वस्तू लपवते. बटण, किल्ली, लसणाची पाकळी. "डोळं मीट आधी. हळूच बघती व्हय गं?" किल्ली तर्जनीला लागते आणि कळते मधल्या बोटात. मी डोक्याला बजावते, ही तर्जनी आहे, नाव बदल. डोकं ऐकत नाही, मी पुन्हा बजावते. काल आईनं परात बाजूला सारली आणि बाही वर करून हात पुढं केला. "हितं शोध." डोळे मिटून तिच्या कोपराच्या खोबणीत तर्जनी ठेवली. बराच वेळ काही नाही. मग मधल्या बोटाखाली काहीतरी दबलं आणि परत वर आलं, फुगलेल्या पुरीसारखं. डोळे उघडले तर शीर नेमकी तर्जनीखाली. "घावली व्हय?" आईनं विचारलं. मी लगेच परत शोधली तर सापडेना. त्यानंतर एकदा सापडली.

तेवढ्यावर मालकांना कळवून टाकलंय, सोमवारी येते म्हणून. पहिली सुई माझ्याच डाव्या हाताला टोचून बघणार आहे. आईला हे सांगितलेलं नाही. हे सगळं उजव्या हातानं लिहिलंय, अक्षर गिचमिड झालंय. पाठवायचं थोडंच आहे कुठं. आणि एक सांगते, हसू नका. तारा कुठवर पोचल्या ते कळावं म्हणून मी रोज सकाळी मनगटापासून बोटाकडे टकटक करत जाते. तेव्हा कुणी आसपास नाही असं बघून हळूच म्हणते, "टेस्टिंग, टेस्टिंग." आणि मग कान देऊन ऐकते.