पलंगाखालचे कोयते

४ मार्च
आज आणखी दोन आले. कोयते! हे घरात शिरले ते पाणीसुद्धा न मागता वाकले आणि पलंगाखाली सरकवून मोकळे झाले. जप्त केलेले कोयते खरं तर ऑफिसात जमा करायचे. ऑफिसवाले म्हणतात, जागा नाही, सध्या घरीच राहू द्या. सध्या-सध्या म्हणता वर्ष होत आलं. खाली गावातल्या निम्म्या बायकांचे कोयते आणि वर मी. झोप कसली लागते!

पूर्वी टेकडी सगळ्यांची होती. गुरं तिथंच चरायची, सरपण तिथलंच. मग कंपनीनं निलगिरी लावली, भोवती तार ओढली आणि ह्यांना राखणदार नेमलं. आत कोणी सरपण तोडताना सापडलं की कोयता जप्त. दर महिन्याचा पगार आला, छपरावर नवे पत्रे आले. आणि मी नळावर गेले की बायका आपापल्या बादलीत बघायला लागल्या. काय असतं एवढं बघण्यासारखं बादलीत?

७ मार्च
जाऊबाईंनी आजही माझ्याकडे पाठ करूनच कपडे वाळत घातले. दोरी दोघींची एकच — एक टोक त्यांच्या खिडकीला, एक माझ्या. त्यांचा कोयता ह्यांनी मागच्या पावसाळ्याआधी धरला. सख्ख्या थोरल्या वहिनीचा! मी तेव्हा म्हटलंही, घरच्यांना तरी सोडा. तर म्हणाले, घरच्यांना सोडलं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं अडवू? बरोबरच आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

लग्न होऊन आले तेव्हा मला चूलसुद्धा पेटवता येत नव्हती. ह्याच बाईनं शिकवलं. आता त्या ओल्या काटक्या फुंकत बसतात आणि मी भिंतीच्या अलीकडे गॅसवर चहा करते. घशाखाली उतरत नाही तो.

८ मार्च
धूर. दिवसभर.

१२ मार्च
कंपनीच्या साहेबांचं धाबं दणाणलंय. छाटणीची टोळी दुसरीकडे जास्त मजुरी मिळते म्हणून रातोरात पसार! खालच्या फांद्या आत्ता काढल्या नाहीत तर लाकडात गाठी राहतात, भाव पडतो. साहेबांनी ह्यांना सांगितलंय, गावातली माणसं आणा. गावात माणसं आहेत कुठे? पुरुष सगळे कामाला शहरात. उरल्या बायका. त्यांना बोलवायला जायचं म्हटल्यावर ह्यांच्या घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू.

"तुम्ही नका जाऊ, मी जाते," मी म्हटलं. "पण छाटलेल्या फांद्या बायकांच्या. एवढं साहेबांकडून आधी वदवून घ्या."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मलाही माझं नवल वाटलं.

१४ मार्च
साहेब कबूल! फांद्या पडून राहिल्या तर वणव्याची भीती, उचलायला वेगळे मजूर लागतात — ते उलट खूशच झाले.

कोयते गोणीत भरले आणि छाटणीचं बोलावणं घेऊन घरोघर निघाले. पहिल्याच घरी म्हातारीनं कोयता घेतला आणि दार लावून घेतलं. शिवणकामवाल्या बाईनं मात्र पात्यावरून बोट फिरवलं आणि धार बोथट झाली म्हणून मलाच फैलावर घेतलं — वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात वापरला की काय, म्हणे. आणि हसली. किती दिवसांनी कोणी माझ्याशी हसलं!

जाऊबाईंकडे सगळ्यांत शेवटी. त्यांचा कोयता मी शंभरांत ओळखीन, मुठीला माझ्याच जुन्या चादरीची निळी चिंधी आहे. तो मुद्दाम घरी ठेवला. भलताच पुढे केला.

त्यांनी घेतला. उलटा केला, सुलटा केला. म्हटलं, आज काही झालं तरी आधी जाऊबाईंनीच बोलायचं.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. मग तो माझ्या हातात परत देत, "आणि तुला ते माहीत आहे."

"आहे," मी म्हटलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडले.

त्यांनी चुलीवर चहा ठेवला. धुरकट, साखर कमी. दोनदा मागून प्याले. मग घरी जाऊन त्यांचा खरा कोयता आणून दिला.

२ एप्रिल
बायकांची छाटणी जोरात. जाऊबाई मुकादम झाल्या! आता त्यांना स्वतः कोयता चालवावा लागत नाही, नुसत्या रांगेतून फिरतात आणि एखादी चुकली की तिथल्या तिथे झापतात. घरोघर सरपणाच्या मोळ्या. परवा परगावच्या दोघांना झाड तोडताना बायकांनीच पिटाळलं — आमच्या मजुरीवर कुऱ्हाड घालता म्हणून.

सगळं काही जागेवर आलं असं नाही. निलगिरीखाली गवत धरत नाही, विकलेल्या शेळ्या काही परत येत नाहीत. पण पलंगाखाली आता नुसती फरशी आहे. काल पाठ टेकली आणि एकदम सकाळच झाली.

१९ एप्रिल
ह्यांची राखणदारी गेली. साहेब म्हणाले, बायकाच राखतात, वेगळा माणूस कशाला? पाहिजे तर उद्यापासून छाटणीवर या. म्हणजे जाऊबाईंच्या हाताखाली! पगार कमी होईल. होऊ दे. मला तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

संध्याकाळी उद्यासाठी कोयता हवा म्हणून हे सवयीनं पलंगाखाली वाकले. एकही कोयता नाही. तेवढ्यात दारातून निळ्या मुठीचा पुढे आला.

"काम झालं की परत आणून द्यायचा, भावोजी. मागच्यासारखं नको."

ह्यांनी दोन्ही हातांनी घेतला.