द्वाड शब्दाचा शेवटचा मानकरी

२८ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.१०
काल मराठी दिन झाला. माझी नात गुड्डी सातवीत, तिला शाळेतून प्रोजेक्ट: 'हरवलेले शब्द'. एक जुना शब्द, अर्थ, वापर आणि गावातलं एक जिवंत उदाहरण, फोटोसकट. तिच्या वाट्याला आला 'द्वाड'. पोरीला अर्थच माहीत नाही. म्हणते, प्रँक करणारा का? वाईट वाटलं. अख्खं बपेरा गाव मला लहानपणी द्वाड म्हणायचं. फोटो कोणाचा लागणार हे उघड आहे. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

१ मार्च
अर्थ लिहून काढला. चिखल्याच्या खाणीत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो, नियमाशिवाय मला चालत नाही. द्वाडपणाच्या तीन अटी. एक, कोणाचं खरं नुकसान नको. दोन, करणारा सापडता कामा नये. तीन, ज्याची खोडी काढली त्याने शेवटी हसलंच पाहिजे, नाही तर तो नुसता त्रास. वापर: 'तुलाराम भारी द्वाड आहे.' गुड्डीला अजून दाखवलं नाही.

३ मार्च
शेजारच्या दादाजीला साक्षीदार व्हायला सांगितलं. म्हणाला, "तू कायचा द्वाड? तू त दरवेळी सापडे." माझी बायको धुरपता भाजी निवडता निवडता हसली. दादाजीला वयोमानाने आठवत नाही. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे.

४ मार्च
आता पुरावाच देतो. होळीसाठी दुसऱ्याचं लाकूड पळवणं हा आपल्याकडचा मान्य द्वाडपणा. आणि एकदा होळीवर चढलं की परत काढायचं नाही, हा गावाचा कायदा. मागच्या वर्षी रंभाबाई आपला पाट परत मागायला आली, तेव्हा मीच भाषण केलं होतं.
टार्गेट: दादाजीची मोडकी बाज. घरामागे उभी असते, दोन वर्षांत तिच्यावर कोणी झोपलं नाही. अट एक ओके.

८ मार्च
रिहर्सल. रिकाम्या हाताने दादाजीच्या घरामागे जाऊन आलो. चार मिनिटं. दम लागला. कुत्रं भुंकलं, पण ते ओळखीचं आहे, म्हणून ते सापडण्यात मोजलं नाही.

१० मार्च
ही डायरी उशीखाली ठेवतो, आज कपाटावर सापडली. विसरलो असेन. धुरपता आणि गुड्डी दिवसभर खुसुखुसू हसतात. विचारलं तर काही नाही म्हणतात. माझ्याकडे चौकशीला वेळ नाही.

१३ मार्च, दुपारी १.१५
होळी. धुरपताने माझी बाज बाहेर काढली. ढेकूण झाले, उन्हात टाकली म्हणे. नेमकं आजच. जमिनीवर बसून लिहितो आहे. चिडत नाही. मोठ्या कामाआधी डोकं शांत लागतं.

दुपारी २.४०
फत्ते. गाव उन्हाने घरात. दादाजीची बाज ताडपत्रीत गुंडाळून उभी. पावसाचा पत्ता नाही आणि ताडपत्री कायले? सोडायला वेळ नव्हता, तशीच डोक्यावर घेतली. मोडक्या बाजेच्या मानाने जड. होळीच्या ढिगात सरकवली, वर पळसाच्या फांद्या टाकल्या. कोणी पाहिलं नाही. अट दोन ओके.

१४ मार्च
काल पेटवायच्या आधी पोरांनी ताडपत्री ओढून काढली. आत सागवानी बाज. चारही पायांवर लाल पेंटने 'तु. टाइमकीपर'. मीच लिहिलं होतं, खाणीतली सवय.
मी म्हटलं, "थांबा, ते माही बाज आहे."
सगळे थांबले. मग रंभाबाईने माझं मागच्या वर्षीचं भाषण म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सागवान छान जळतं.

१५ मार्च
मी कोणाशीच बोलून नाही राहिलो. धुरपताचं म्हणणं, तिने बाज फक्त दादाजीकडे उभी केली, डोक्यावर घेऊन मीच गेलो. ढेकूण खरंच होते आणि नवी बाज सुताराकडे सांगून ठेवली आहे, पाडव्याला येईल. म्हणजे तिचीसुद्धा अट एक ओके. दादाजी आपली मोडकी बाज द्यायला आला, घेतली नाही. चटईवर झोपतो. कंबर गेली. पण हसणार नाही.

१७ मार्च, सकाळी ६.१५
वही आज द्यायची. गुड्डीने दाखवली. द्वाडपणाच्या तीन अटी, माझ्या डायरीतून उतरवलेल्या, माझ्या 'ओके'सकट. उदाहरण: 'माझी आजी, धुरपता'. फोटो होळीपुढचा. मागे माझ्या बाजेचा एक पाय दिसतो.
पोरगी म्हणते, "आबाजी, तुमी हासले नाही त आजी द्वाड नाही होत. मार्क कटतीन."
स्पष्ट सांगितलं, नाही हसत. तो शब्द माझा आहे. गुड्डी दप्तर पाठीवर घेऊन दारातच उभी. शाळेची गाडी साडेसहाला.
धुरपताने चटईजवळ चहा आणून ठेवला. कपावर लाल नेलपॉलिशने लिहिलेलं: 'तु. टाइमकीपर'.

६.२८
हसलो.