मेल्याची दुसरी बाजू

सेकिट्टो मामांना गुडघे टेकून नमस्कार (फोनवर दिसत नाही, पण खरंच टेकलेत). चुका पोटात घाला, शाळा सुटली ती सुटलीच, आणि कच्ची केळी सोलून बोटं चिकट झालीत, म्हणून एकेक अक्षर सावकाश उमटतंय. तुमची तब्येत, मामींची कंबर, तिकडे राजधानीत, कंपालात, सगळं बरं ना? आजी बरी आहे असं लिहायला आजीनं सांगितलंय.

तुमच्या रेडिओ-परवान्यांच्या कचेरीनं आमचं रेडिओ स्टेशन बंद केलं तेव्हा पेरलेला घेवडा आता आम्ही खातोय. मी तिथं मयतांच्या बातम्या वाचायचे. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण त्या खोलीत नुसता माईक, म्हणून जमायचं. घरचे लिहून देतील ते वाचायचं: कोण गेलं, कुठल्या कुळाचं, माती कुठे, कशानं गेलं. मग लागोपाठ तीन घरांनी लिहिलं, सरकारी दवाखान्यात औषध नव्हतं म्हणून गेला. मी वाचलं. तुमच्या कचेरीचं पत्र आलं, बातमी समतोल नाही, दुसरी बाजू घेतली नाही. मॅनेजरकाका म्हणाले, "पोरी, मेल्याची दुसरी बाजू म्हणजे कोण गं? देव?" (तुम्ही ईस्टरला म्हणाला होतात, आमची कचेरी कुणाचं ऐकत नाही. कुलूप लावायला आलेला साहेब तर फोनवर मंत्र्याला सारखा "हो साहेब, हो साहेब" करत होता.)

आता मयत कळवतो मोटरसायकलवाला लुबेगा. गाडी न थांबवता नुसतं नाव ओरडतो. परवा सायकलवाले कायोंडो गेले, तर सगळा बाजार रडत दलदलीपलीकडच्या भलत्याच कायोंडोंच्या दारात. ते अंगणात दाढी करत होते. साबणाच्या तोंडानंच म्हणाले, "आता आलाच आहात तर जेवून जा." लोक जेवले, हसले. (परत कोण रडणार, म्हणून तिकडूनच घरी गेले.) इकडे सायकलवाल्यांच्या मातीला मी, त्यांची बायको आणि खड्डा खणणारे. ती सारखी रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "एवढ्या सायकली दुरुस्त केल्या, एक पण आली नाही गं."

तेव्हापासून आजी रोज रेडिओची खरखर ऐकत बसते. "मी गेले तर सेकिट्टोला कळणार कसं?" म्हटलं, फोन करू. तर म्हणते, "साहेब आहे तो, उचलतोय कुठे." (नाहीच उचलत तुम्ही, मामा.)

तुमची भाची,
नान्तेझा

ता.क. खरं काम हे. गाणी, बातम्या सगळं बंद राहू दे, फक्त मयतांपुरती परवानगी द्या. कशानं गेला ते मी वाचणार नाही, फार तर म्हातारपणानं म्हणेन.

ता.क. आणखी. हे आजीला वाचून दाखवलं तर तिनं चप्पल उचलली. "औषधावाचून मेलेल्याला म्हातारपणानं मेला म्हणणार? त्यापेक्षा खरखर बरी!" तेव्हा वरचं मागणं खोडलं समजा. तिच्या गोळ्या संपल्यात, दवाखान्यात अजून आल्या नाहीत. हे लिहू नको म्हणाली होती.

आपली ठिपक्यांची शेळी व्याली. दोन पिल्लं, दोन्ही पांढरी.